धोंड्याचा महिना धरून

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर रिसोडहून निरोप आला की वडिलांना अर्धांगाचा झटका आलाय, असाल तशा निघा. माझं मन दोन्हीकडे ओढलं. आमच्या भागात घरातलं माणूस गेलं की पहिल्या अखाजीला त्याच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात, आणि ती अखाजी माझ्या यजमानांची पहिली होती. आदल्या भादव्यात काविळीनं ते गेले होते. मी उंबऱ्यातच घुटमळत होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जाय वो माय. बापाचं तोंड पाहून घे. घागर मी भरतो." आमच्याकडे बायकाही बोलताना 'येतो, भरतो'च म्हणतात.

मी दोन्ही मुलींना घेऊन किन्हीराजाहून निघाले. वडील रिसोडला शाळामास्तर होते. त्यांनीच मला सातवीपर्यंत शिकवलं होतं. मी पोचले तेव्हा त्यांची वाचा गेली होती. चारपाच दिवसांत ते गेले. तेरवी उरकून परत निघाले तेव्हा वैशाखाचं ऊन नुसतं अंगावर येत होतं.

सडकेवर उतरून गावाकडे चालत यायचं तर वाटेत आमचं विहिरीचं वावर, म्हणजे शेत लागायचं. मोठी मुलगी पुढे पळत होती. ती एकदम थांबली आणि म्हणाली, "आई, आपल्या वावरात कोनी झोपडी बांधली?"

झोपडी होती. धुऱ्यावर, बांधावर बाभळीच्या काट्यांचं नवं कुंपण होतं. जमीन नांगरलेली होती, आणि विहिरीवर माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भावाचा गडी मोट हाकत होता. त्यानं मला पाहिलं आणि मान फिरवली. माझा स्वतःचा सालदार, वर्षाच्या करारावर ठेवलेला, मला गावच्या पारावर भेटला. उठून उभा राहिला, पण वर पाहीना.

"बाई, मले हाकलून देलं," एवढंच तो म्हणाला.

दोघा भावांची वाटणी पाचसहा वर्षांपूर्वीच झाली होती. गावातल्या चार माणसांसमोर, तोंडी. थोरल्यांनी गावालगतचं मोठं वावर घेतलं, आमच्या वाट्याला विहिरीचं आलं. घर एकच राहिलं, अंगण एकच, पण चुली दोन झाल्या, आणि सासूबाई महिन्या-महिन्यानं एकेका चुलीवर जेवायच्या. यजमान गेल्यावर उभा कापूस मी सालदाराला हाताशी धरून घरात आणला. कोणी काही बोललं नव्हतं. मी पाठ फिरवायचीच वाट पाहिली गेली.

त्या काळी सून भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे. डोक्यावरून पदर ओढून, त्यांना ऐकू जाईल असं दुसऱ्याला सांगायचं. मी अंगणात सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, माह्यं वावर काहून घेतलं, इचारा."

भासरे ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनीही उत्तर आईलाच दिलं. "तिले म्हना, वावर कोनी खाल्लं नाही. घरातलंच हाये. बाईमानसाच्या हातून वहिती होते काय? आता मिरगाच्या तोंडावर कायचं बोलनं? पेरनी होऊ दे, मंग बसू."

ते 'नाही' म्हणाले असते तर मी त्याच दिवशी माहेरच्या माणसांना बोलावलं असतं. पण ते नाही म्हणाले नाहीत. त्या पावसाळ्यात ते एकदाही नाही म्हणाले नाहीत. पेरणी झाली, तेव्हा म्हणाले निंदण होऊ दे. निंदण झालं, तेव्हा म्हणाले पोळा होऊ दे. वरून दाणेही पाठवायचे. जाऊबाई सुपात ज्वारी आणून माझ्या चुलीपाशी ओतायच्या आणि न बोलता निघून जायच्या. वावर माझं होतं, आणि दाणे मला भीक म्हणून मिळत होते.

माझं बूड कुठं टेकत नसे. दळण अर्ध्यावर सोडून मी धुऱ्यापर्यंत जायची, कुंपणाच्या बाहेर उभी राहायची, परत यायची. कपाशी गुडघ्याएवढी झाली, मग मांडीएवढी. पीक वाढत होतं तसा तिथला त्यांचा पाय पक्का होत होता, हे कुणी न सांगताही कळत होतं. सालदाराला ठेवून घ्यायची ऐपत नव्हती तरी मी त्याला सोडलं नाही. तो दुसऱ्यांकडे रोजानं जायचा आणि संध्याकाळी येऊन सांगायचा, आज त्यांनी विहिरीवर दोर नवा लावला, आज आंब्याची फांदी तोडली.

पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग उतरायच्या आत मी पुन्हा सासूबाईंमार्फत विचारलं. भासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "आवो माय, आता धोंड्याचा महिना लागला. धोंड्यात कोनी वाटनीच्या गोष्टी करते काय?"

त्या वर्षी अधिक भाद्रपद आला होता. त्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. त्यात लग्न नाही, मुहूर्त नाही, नवं काही करायचं नाही. जावयाला बोलवायचं, धोंडे-अनारसे करायचे. मी थांबले. त्यानंतर खरा भाद्रपद आला, महालक्ष्म्या आल्या. मग पितरपाट लागला. पितरपाटात तर बोलायची सोयच नाही. मग म्हणाले, "दसऱ्याले सोनं वाटू आन् चार मानसं बसवून मोकळं करू." माझ्या मनानंही तो दसरा धरून ठेवला. दसरा झाला की सुटेल, असं मी मुलींना सांगायची.

घटस्थापना झाल्यावर मी सालदाराबरोबर गाडीनं मालेगावच्या बाजाराला गेले. मुलींना परकराचं कापड घ्यायचं होतं. दुकान एका जैन शेठजींचं. माझ्या सासऱ्यांपासूनचा परिचय. कापड मापता मापता त्यांनी सहज विचारलं, "यंदा इहिरीच्या वावरात काय पेरलं, बाई?"

मला रडू आलं. भर दुकानात, गजाच्या लोखंडी पट्टीकडे पाहत मी सगळं सांगितलं. शेठजींचा हात थांबला.

"ताबा घेऊन कितीक महिने झाले?"

"अखाजीले घेतला म्हनते माहा सालदार. मी नव्हतो."

"आन् तुमी बोलनी करत बसल्या?"

"दसऱ्याले बसनार हायेत."

त्यांनी कापड बाजूला सारलं. "पाहा बाई, माह्या चुलतभावानं माह्या बखळीत भिंत घातली. आमी भी बोलनी करत बसलो. शादी झाली की पाहू, तीर्थाहून आले की पाहू. मंग वकिलाकडं गेलो तर तो म्हने, सहा महिन्यांच्या आत आले असते तर झटपट ताबा भेटला असता. आता लंबा दावा करा. तो दावा अजून चालू हाये, आन् माहे केस पांढरे झाले. कोर्टाले घरातली बोलनी दिसत नाही. तुमी आजच वाशीमले जा."

"आज?"

"मोटार अजून सुटली नाही."

मी आयुष्यात एकटी मोटारीत बसले नव्हते. बाजाराची पिशवी शेठजींकडेच ठेवली, सालदाराला म्हटलं, "गाडी घेऊन घरी जाय. आत्याबाईंले सांग, पोरींले जेवू घाला, मी उद्या-परवा येतो. वाशीमचं मात्र कोनाले सांगू नको." मोटारीत माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती. सडक खराब, मोटार दर ओढ्याला थांबायची, आणि प्रत्येक थांब्याला मला वाटायचं की उतरून ढकलावी.

वाशीमला माझी मामेबहीण दिली होती. तिचा नवरा मला संध्याकाळीच वकिलांच्या घरी घेऊन गेला. वकील वयस्कर होते, शांत. मी घाईघाईनं शेवटाकडून सुरुवातीकडे सांगत गेले. त्यांनी हात वर केला.

"बाई, दोन रस्ते आहेत. एक मोठा. त्यात शेत तुमच्या मालकीचं आहे हे सिद्ध करायचं. वाटणी तोंडी झाली, नवरा वारला, मुलगा नाही. म्हणजे वाटणी खरी की खोटी, विधवेचा हक्क किती, सगळं निघेल. त्याला बारा वर्षांची मुदत आहे, पण चालेलही तेवढाच. दुसरा रस्ता आखूड. त्यात मालकी कोणाची हे कोर्ट विचारतच नाही. ताबा कोणाचा होता, आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय तुम्हाला बाहेर काढलं का, एवढंच. पण त्याला मुदत सहा महिने. ज्या दिवशी काढलं त्या दिवसापासून."

मी बोटांवर मोजलं. वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन. "मंग दिवाळीपर्यंत येळ हाये," मी म्हटलं.

"धोंड्याचा महिना कुठं गेला?" वकिलांनी विचारलं.

माझं बोट तसंच राहिलं.

"कोर्ट इंग्रजी महिने मोजतं. तुमच्या पंचांगात तो महिना जादाचा असेल, इंग्रजीत तो साधाच महिना आहे." त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, मागं गेले, अखाजीवर पेन्सिल ठेवली आणि एकेक पान उलटत पुढे आले. पेन्सिल नवरात्रातच थांबली. अष्टमीच्या आसपास.

दसऱ्याच्या आधी. भासरे ज्या दसऱ्याला सोनं वाटून बोलणार होते, त्याच्या आधीच माझा आखूड रस्ता बंद होणार होता. त्यांना हे ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. ते तितके आतल्या गाठीचे नव्हते असं वाटतं. मग वाटतं, होतेही असतील.

"पन बोलनी चालूच होती," मी म्हटलं. "त्यांनीच थांब म्हटलं. धोंड्यात बोलत नाहीत म्हनून मी थांबलो. त्याचं काहीच नाही?"

"नाही. तुमच्यासाठी महिना थांबला, मुदत थांबली नाही." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "शेवटचा दिवस सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा घेतात. पण मी त्या भरवशावर राहणार नाही. चतुःसीमा सांगा."

मी डोळे मिटून सांगितल्या. उगवतीला नाला, मावळतीला गाडरस्ता, दक्षिणेला कोणाचं वावर, उत्तरेला कोणाचं. बांधावरची झाडंही सांगितली. ते म्हणाले, झाडं नकोत.

दुसरा दिवस दावा लिहिण्यात गेला. मी त्यांच्या ओसरीवर बसून होते. तिथल्या बाईंनी मला शेंगा फोडायला दिल्या, बहुधा माझी चुळबूळ बघवेना म्हणून. मी सगळं सूप फोडून संपवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात जाऊन सही केली. बाहेर आल्यावर मी पायरीवरच बसले.

घरी आले तेव्हा सासूबाई अंगणात होत्या. घरात कुणालाच न विचारता मी काय करून आले, ते सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माह्या दोन लेकरांतलं एक गेलं. आता उरलेल्याले तू कचेरीत उभं करतं काय?"

त्या रागावल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं.

दसऱ्याला भासऱ्यांनी सोनं वाटलं. आपट्याची पानं माझ्या मुलींच्या हातात दिली, डोक्यावरून हात फिरवला. समन्स त्यानंतर आलं. त्या दिवसापासून जाऊबाईंचं सूप बंद झालं, अंगणातली येजा बंद झाली, आणि गावच्या विहिरीवर मुलींना त्यांच्या दोरीनं पाणी ओढायचीही मनाई झाली.

भासऱ्यांचा लेखी जबाब आला तो वकिलांनी मला वाचून दाखवला. त्यात मालकीची गोष्ट होतीच, पण खरी खोच एका ओळीत होती. वावर आपण अखाजीला नव्हे, पाडव्यालाच ताब्यात घेतलं, तेव्हा ही बाई गावातच होती, तिनं हरकत घेतली नाही. पाडवा धरला तर माझा दावा मुदतीबाहेर जात होता. महिनाभराच्या फरकावर सगळं येऊन थांबलं.

"हे खोटं हाये!" मी म्हटलं.

"असेल. पण तुम्ही अखाजीला रिसोडला होता. पाहिलं कोणी?"

सालदारानं पाहिलं होतं. त्यानं साक्ष दिली, पण उलटतपासणीत पार विरघळला. पाडवा होता की अखाजी होती? उन्हाळा होता ना? मग तुम्ही पंचांग पाहता का? असं चारपाचदा विचारल्यावर तो म्हणाला, "साहेब, उन्हाळा होता, हे पक्कं." वकिलांनी डोळे मिटून घेतले.

आणि मग भासऱ्यांनी आपल्या साक्षीदारांत आईचं नाव दिलं.

त्या तारखेला आम्ही एकाच मोटारीनं वाशीमला गेलो. पुढच्या बाकावर भासरे आणि सासूबाई, मागं मी आणि सालदार. सासूबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. वाटेत त्यांना उलटी झाली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यांनी घेतला, चूळ भरली, तांब्या परत दिला. त्या माझ्याविरुद्ध बोलायला निघाल्या आहेत आणि मी त्यांना पाणी देते आहे, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. सवयीनं हात पुढे झाला.

कोर्टात त्यांना पिंजऱ्यात उभं केलं. कठडा त्यांच्या छातीला लागत होता. ईश्वराला स्मरून खरं सांगेन, हे म्हणून झालं. भासऱ्यांच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "आजी, तुमच्या मोठ्या मुलानं विहिरीचं शेत वहायला घेतलं, ते पाडव्याला. बरोबर?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"नीट आठवा. गुढी उभारली, त्याच दिवशी."

"गुढीले मी कायले आठवू? अखाजी होती थे. मी माह्या धाकट्याची घागर भरून राह्यलो होतो. मोठ्याले म्हटलं, भावाची घागर हाये बाप्पा, पुजून जाय. आल्यावर पुजतो म्हने, आन् नांगर घिऊन गेला. इहिरीच्या वावरात गेला. मी एकटीनंच पुजली."

न्यायाधीशांनी मान वर केली. "कोणाची घागर?"

"माह्या मेलेल्या लेकाची," त्या म्हणाल्या. "त्याले जाऊन वरीस भी झालं नव्हतं."

वकील बसले, पुन्हा उठले, म्हणाले साक्षीदार सुनेला फितूर झाली आहे. सासूबाईंना त्याचा अर्थ कळला नसावा. त्या भासऱ्यांकडे पाहून म्हणाल्या, "तूच आनलं ना मले? मंग खरंच सांगन ना."

भासरे खाली मान घालून टोपीची कड चाचपत होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या माणसाच्या मानेकडे पाहवेना. मी पदर तोंडावर घेतला.

निकाल मे महिन्यात लागला. ताबा मला परत द्यावा. वकील म्हणाले या निकालावर अपील नसतं. मृगाच्या आधी कोर्टाचा बेलीफ आला, गावात दवंडी झाली, झोपडी मोडली, काटे ओढून जाळले. भासरे त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. त्यांच्याकडचा महिना लागल्यावर सासूबाई ताट घेऊन त्यांच्या चुलीपाशी बसल्या, कुणी वाढलं नाही. त्या उठून माझ्याकडे आल्या आणि पुढं कायम माझ्याकडेच जेवल्या. मी एकदा विचारलं, "आत्याबाई, तुमी माह्यासाठी बोलल्या काय?"

"तुह्यासाठी कायले?" त्या चिडूनच म्हणाल्या. "घागर कोन्या दिवशी भरली, थे इचारलं. थे सांगतलं."

माझी अस्वस्थता मात्र तिथं संपली नाही. वकिलांनी बजावलं होतं, मोठा रस्ता त्यांनाही बारा वर्षं उघडा आहे. मालकीचा दावा ते कधीही लावू शकतात. गावात कचेरीचा शिपाई आला की माझ्या हातातलं काम थांबायचं. पोस्टमन दुसऱ्याच्या दारात उभा राहिला तरी मी भिंतीला धरून ऐकायची. शेताचा सारा मी वेळेआधी भरायची, पावती दोनदा वाचायची. कोणी सहज म्हटलं की दिवाळीनंतर पाहू, की मी तिथल्या तिथं तारीख मागायची. मुलींच्या लग्नाची बोलणीसुद्धा मी अशी घाईनं उरकली की व्याही हसायचे. भासऱ्यांनी दावा लावला नाही. का नाही लावला, हे कुणी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर तीनचार वर्षांनी उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटल्या. आमच्या विहिरीला तळाशी पाणी होतं. एका सकाळी जाऊबाई दोन घागरी घेऊन धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. आत येईनात. मीच गेले.

"मिळन काय?" त्यांनी विचारलं.

"घ्या ना बाई."

त्या विहिरीकडे वळल्या आणि मला वकिलांचं आणखी एक बोलणं आठवलं, की दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं कुणी न विचारता नेत राहिलं तर तोही पुढे हक्क होतो. परवानगीनं नेलं तर होत नाही. मी सालदाराला हाक मारली. शेजारच्या वावरातल्या माणसालाही बोलावलं. त्या दोघांसमोर, मोठ्यानं म्हटलं, "बाई, मी देऊन राह्यलो म्हनून तुमी नेऊन राह्यल्या. रोज मले सांगून न्या."

जाऊबाईंचा चेहरा पडला. शेजारचा माणूस जमिनीकडे पाहू लागला. त्यांनी घागरी तशाच रिकाम्या उचलल्या असत्या तरी मी त्यांना दोष दिला नसता. पण घरी लेकरं होती. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "सांगून नेन वो माय."

मी त्यांच्या हातातला दोर घेतला आणि स्वतः पाणी ओढलं. पहिली घागर भरली, दुसरी भरली. डोक्यावर चढवायला मीच हात दिला. त्या गाडरस्त्यानं गावाकडे निघाल्या आणि मी विहिरीच्या काठावर उभी राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिले. मग दोर गुंडाळून ठेवला, आणि परत सोडून पुन्हा गुंडाळला.